बाथरूममधली फुगडी

माझी बायको गेली त्याला दुसरं वर्ष लागलंय. ती गेल्यावर मुलाने मला इकडे जर्मनीत आणलं, लुडविग्सहाफेनजवळच्या एका खेड्यात. घर जुनं, वरचा मजला लाकडाचा. मी जन्मभर पिठाची गिरणी चालवली, शिकलो सातवीपर्यंत, म्हणून सरळच लिहितो. मला इथलं सगळं चाललं, बाथरूम तेवढं चाललं नाही. टबात चढायला गुडघे तयार नाहीत. उभ्याने शॉवर घेतला तर अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. पाटावर बसायचं, बादलीतलं पाणी तांब्याने अंगावर ओतायचं, ही माझी अंघोळ. बायको पाणी काढून हाक मारायची. आता हाक नाही, निदान पाट तरी असावा.

मुलाला सांगितलं, "टबात पडलो तर तुम्हालाच निस्तरायचंय. सोय होत नसेल तर मी गावी जातो."

गावी रिकाम्या घरात मी एकटा काय करणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

त्यातच स्वयंपाकघराच्या छताला पिवळा डाग पडला. कारण आमची सूनबाई. पुण्याची पोर, दर शनिवारी बादलीभर पाणी ओतून खराट्याने बाथरूम धुणार. इथे बाथरूमच्या जमिनीला मोरीच नसते.

मुलगा म्हणाला, "अगं, मग इतकी वर्षं पाणी जात कुठे होतं?"

"जात होतं कुठंतरी. वाळायचं."

"वाळत नव्हतं, मुरत होतं."

"तू कधी धुतलंस का? मग गप बस."

टब, कमोड बाहेर काढले, जमिनीवरचं प्लास्टिक सोललं. खाली भिंतीकडेच्या फळ्या इतक्या सडलेल्या की बोट आत जावं. सुताराने येऊन तुळया ठोकून पाहिल्या. तुळया ठणठणीत, म्हणाला, सडक्या फळ्या बदला. पण वर फरशी घालायची असेल तर एक फळी जरी हलली तरी ती तडकणार.

मुलाने मला सांगितलं, "बाबा, जमीन हलली नाही तर फरशी घालू. कोपऱ्यात उतार काढू, जाळी बसवू, तुम्ही खुशाल पाटावर बसा. हलली तर मात्र परत प्लास्टिक, आणि टब."

माझा जीव त्या फळ्यांत अडकला.

नव्या फळ्या आल्या. मी म्हटलं, खिळे ठोका. मुलगा म्हणाला, खिळे कालांतराने ढिले होतात, स्क्रू पाहिजेत. बरं बाबा, स्क्रू. शनिवारी अंधार पडेपर्यंत तो पिळत होता. रविवारी इथे ड्रिल चालवायची सोय नाही, शेजारीपाजारी चिडतात. म्हणून नुसती जमीन तपासायचं ठरलं. मुलगा मोजे घालून हळूहळू फिरू लागला.

सून म्हणाली, "मांजरासारखं चालून काय कळणार? सरक. आम्ही फुगडी घालतो."

नात युनिव्हर्सिटीतून सुट्टीला आली होती. तिचे हात धरून आईने फिरायला सुरुवात केली. मी दारात बसून फळ्यांवर तळवे टेकले. फळी हलली की मी ओरडायचो, मुलगा खडूने खूण करायचा. नातीला मराठी समजतं, पण तोंडातून जर्मनच येतं. "नोखमाल!" म्हणून ओरडायची, म्हणजे पुन्हा. बायको असती तर तिने पदर खोचला असता आणि मला म्हणाली असती, "अहो, बघत काय बसलात, वाट सोडा."

बेल वाजली. शेजारची बाई. अंगाने चांगली भरलेली, तोंड लालबुंद. रविवारचं हे काय चाललंय, म्हणून विचारत वर आली. सुनेला फुगडीला जर्मन शब्द सापडेना. तिने सरळ बाईंचे हातच धरले. बाई आधी दचकल्या, मग हसल्या, मग अशा फिरल्या की आम्ही भिंतीला चिकटलो.

आणि कोपऱ्यात कर्रर्र झालं. नेमक्या माझ्या पाटाच्या कोपऱ्यात.

सगळे थांबले. मी म्हटलं, "झालं. काढा माझं तिकीट."

"थांबा हो बाबा!" मुलगा हातानेच स्क्रू काढायला बसला. फळी उचलली तर तिचं टोक तुळईवर पोचलंच नव्हतं, अधांतरी लोंबत होतं. सोमवारी त्याने खाली लाकडाचा आडवा तुकडा घातला, फळी पुन्हा पिळली, खडूच्या सगळ्या खुणांवर स्क्रू मारले. संध्याकाळी बाई न बोलावता आल्या, हातात सफरचंदाचा केक. सुनेबरोबर पुन्हा घुमल्या. माझ्या तळव्यांना काही म्हणजे काही जाणवलं नाही. मी लहान पोरासारख्या टाळ्या पिटल्या.

मग फटी भरल्या, कोपऱ्यात उताराचा तयार तक्ता बसवला, मध्ये जाळी. वर करडी चटई चिकटवली, तिच्यावर पाणी मुरू नये म्हणून रबरासारखा रंग दोन हात. तो वाळल्यावर मुलाने बादली माझ्या हातात दिली. "ओता, बाबा."

मी ओतली. पाणी घरंगळत जाळीत गेलं. सगळे धावत खाली स्वयंपाकघरात, माना वर करून छताकडे बघत चहा प्यायलो. छत कोरडं.

फरशी अजून खोक्यातच होती, पण मी त्याच संध्याकाळी गावी धाकट्या भावाला फोन लावला. "शाळेतल्या नव्या बाईंना घर हवं होतं ना? आपलं भाड्याने देऊन टाक."

"म्हणजे? तू येत नाहीस?"

"येईन की लग्नाकार्याला. तुझ्याकडे उतरेन. गादी झटकून ठेव."