तांते नेलाचं मागणं

तांते नेलाची नक्कल करायची तर आधी डाव्या गालात लवंग धरल्यासारखं करायचं. मग ओठ फारसे न हलवता म्हणायचं, "घ्यायचं तर घे, नाहीतर उगाच उन्हात उभी राहून काळी होऊ नकोस." झाली तांते नेला; तांते म्हणजे मावशी, अख्ख्या गावाची. आमच्या हातुलेसी गावात ही नक्कल माझ्याइतकी कुणालाच जमत नाही. तांतेलाही ते ठाऊक आहे. ती म्हणते, "कार्टे, मी मेल्यावर दुकान तूच चालव. गिऱ्हाइकाला कळणारसुद्धा नाही."

दुकान म्हणजे धक्क्याजवळचं पत्र्याचं छप्पर, एक चूल आणि मातीचे खाचाखाचांचे साचे. साचे लाल तापवायचे, खाचांत सागूच्या झाडाच्या गाभ्याचं पीठ भरायचं, वर केळीचं पान झाकायचं. खरपूस वड्या निघतात, पण इतक्या कडक की चहात न बुडवता खाल्ल्या तर दात तिथेच ठेवून जावं लागेल. चाळीस वर्षं तांते हेच करते. आईबाप लवकर गेले, धाकट्या भावाला, एलीला, तिनेच वाढवलं, त्याच्यापायी लग्न राहिलं, आणि एलीला दंगलीने नेलं.

मी तेव्हा जन्मलेही नव्हते. पण ती गोष्ट मला तिच्याच आवाजात पाठ आहे, कारण तिचा एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. "निळा सदरा होता. डाव्या पायाला चारच बोटं, करंगळी बोटीच्या दोरात गेलेली. गाव पेटलं तसा डोंगराकडे पळाला. पुन्हा कुणी पाहिला नाही." इथे ती लवंग कचकन चावते. "आणि पेटवणाऱ्यांना वाट दाखवली ती वाइलापावाल्यांनी."

वाइलापा हे डोंगरापलीकडचं मुसलमान गाव. आम्ही ख्रिस्ती. पण खापरपणज्यांच्याही आधीच्या कुणी एकमेकांचं रक्त पिऊन ही दोन गावं शपथेने बांधली. शपथेच्या गावांत लग्नं होत नाहीत, कारण सगळी भावंडं. आणि शपथेच्या गावाने काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. आंबा मागो, होडी मागो, चर्चच्या छपराला लाकूड मागो. नाही म्हणणाऱ्याच्या घरात आजार शिरतो असं म्हातारे सांगतात. तरणे हसतात, पण नाही कुणीच म्हणत नाही. दंगलीनंतर दोन्हीकडच्यांनी सोपा उपाय काढला: मागायचंच नाही.

गेल्या वर्षी शहरातल्या एका संस्थेने दोन्ही गावांतल्या पोरापोरींना दर शनिवारी एकत्र बसवायला सुरुवात केली. खुर्च्या गोलात. रोनी सर रंगीत कागद वाटायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "मनातलं लिहा, मित्रांनो, अगदी आऽतलं!" पहिल्या शनिवारी सतरापैकी अकरा कागदांवर 'भूक लागली' एवढंच होतं. तिसऱ्या शनिवारी मधल्या सुट्टीत मी रोनी सर करून दाखवले, तर वाइलापाची हायदा हसता हसता खुर्चीवरून पडली. उठून तिने त्यांच्या गावातले काका केले, भोंग्यावरून हरवलेल्या बकरीचं वर्णन सांगणारे. तिथून आमचं बोलणं सुरू झालं. आपापल्या घरची माणसं एकमेकांना करून दाखवायची, एवढंच. मी तांते नेला केली. लवंग, सदरा, चार बोटं, सगळं.

सगळे हसत होते. हायदा हसत नव्हती. मला बाहेर पायरीवर नेऊन म्हणाली, "आमच्या लवंगांच्या बागेत एक कबर आहे. आजोबा दर शुक्रवारी झाडतात. कुणाची म्हणून विचारलं तर उठून जातात. एकदा तापात बडबडत होते, 'चारच बोटं, चारच बोटं.'"

"मग नीट विचार ना त्यांना!"

"मी नात. नातीला नाही म्हणता येतं." तिने माझ्याकडे बोट केलं. "शपथेच्या गावाला नाही येत."

हायदाला दुकानात नेऊन तांतेला हे सांगितलं तेव्हा साचा चुलीवरच राहिला आणि वड्यांचा कोळसा झाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. धूर डोळ्यांत जात होता तरी ती हलली नाही. "इतकी वर्षं एकच मागतेय देवाकडे," ती म्हणाली, "तो कुठे आहे एवढं कळू दे. पण वाइलापात पाय ठेवणार नाही मी. मारून त्यांनीच पुरला असेल."

हायदा पुढे झाली. "तांते, मी शपथेच्या गावची. एक मागते."

तांतेचा हात सवयीने वड्यांच्या गठ्ठ्याकडे गेला. "किती?"

"वड्या नकोत. आमच्या घरी चला. आजोबांकडे मागा."

तांतेने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून जमलेली नाही. "तुझी मैत्रीण लबाड आहे गं," ती म्हणाली आणि चुलीवर पाणी ओतलं.

हायदाच्या मोटारसायकलवर तिघी. मधे तांते, मांडीवर वड्यांची पिशवी, कारण रिकाम्या हाताने शत्रूकडेही जायचं नसतं.

हायदाचे आजोबा, सगळ्यांचेच तेते मुतालिब, अंगणात चटईवर लवंगा पसरत होते. तांते बसली नाही.

"मी हातुलेसीची नेला. शपथेच्या गावची म्हणून मागते." पुढचं तिला एका दमात बोलता आलं नाही. "माझा भाऊ द्या."

तेते बराच वेळ लवंगाच सारख्या करत राहिले. मग हातातला खराटा घेऊन चालू लागले. आम्ही मागोमाग. बागेत एका झाडाखाली पांढऱ्या प्रवाळाच्या खड्यांची चौकट होती, आत एकही पान नव्हतं.

"रात्रीचा आला," तेते म्हणाले. "पोटात जखम. म्हणाला, शपथेच्या गावाकडे आलोय, जागा द्या. लवंगांच्या कोठीत लपवला. दोन दिवस जगला. मागितलं त्याने, आणि मला वाचवता आलं नाही. कोणत्या तोंडाने तुमच्याकडे येणार होतो? क्रूस बनवला होता, पण वर लावला असता तर कुणीतरी उपटला असता. म्हणून त्याच्या छातीवर ठेवला. आत आहे."

तांते खाली बसली. चौकटीतला एक खडा सरळ करत तिने विचारलं, "जेवला का काही?"

"दोन घास. माझ्या बायकोने मासा रांधला होता. म्हणाला, तिखट झालाय."

"मेल्याला नेहमीच तिखट लागायचं," तांते म्हणाली आणि रडता रडता हसली. "माझ्या हातचंही."

तिला त्याला घरी न्यायचं होतं. आईशेजारी जागा राखून ठेवलेली आहे. तसं तिने सांगितलंही.  तेते खराट्याची दांडी दोन्ही हातांत धरून म्हणाले, "मुली, आता मी मागतो. शपथेच्या गावचा म्हणून. राहू दे त्याला इथे."

तांतेने एकदा डोंगराकडे पाहिलं, आमच्या गावाच्या बाजूला.

"नाही म्हणता येत नाही ना," ती म्हणाली. "पण झाडणार मी. शनिवारी."

"शुक्रवारी मी झाडतो. शनिवारी काय उरणार?"

"तुम्ही उलटं झाडता, तेते. सगळा पाला त्याच्या डोक्याशी लोटता. द्या इकडे."

त्यांनी खराटा दिला. आता दर शनिवारी दुकान दुपारपर्यंत बंद असतं. गिऱ्हाइकं कुरकुरतात. तेते मुतालिब चहात सागूची वडी बुडवून बसतात आणि तांते त्यांना झाडून दाखवते.