हात हलत नव्हता

माझी सध्याची पोस्टिंग अल्फारेटा, जॉर्जिया. कमांडिंग ऑफिसर माझी मुलगी मृणाल. सकाळी पाचला उठणं, सहा ते सात चालणं, आठ वाजता नातीला स्कूल बसमध्ये बसवणं. फौजेत मी अठ्ठावीस वर्षं आर्मरर होतो. जवानांची हत्यारं तपासायची, दुरुस्त करायची आणि ‘ठीक आहे’ म्हणून सही करायची, हे आर्मररचं काम. सुभेदार म्हणून रिटायर झालो. ग्रीन कार्ड मिळून तीन वर्षं झाली. इथले मराठी लोक मला काका म्हणतात. शेजारचा वॉल्टर तेवढा सुभेदार म्हणतो.

वॉल्टर सत्त्याहत्तर वर्षांचा. व्हिएतनामला जाऊन आलेला. बायको गेल्यावर एकटा राहतो. हरणाची शिकार हा त्याचा एकच शौक, आणि त्यासाठी वडिलांच्या वेळची, अक्रोडाच्या दस्त्याची एकच रायफल.

दसऱ्याला मृणालच्या घरी शस्त्रपूजेला ठेवायला शस्त्र काय, तर सुरी, पेचकस आणि जावयाचा लॅपटॉप. मला ते बघवेना. वॉल्टरला विचारलं. तो बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, काढून रिकामी रायफल घेऊन आला. जावई निखिल घाबरला. म्हणाला, “बाबा, ड्राइव्हवेवरून रायफल आणली? सोसायटीचा ईमेल येईल यार!” मी म्हटलं, येऊ दे. पाटावर रायफल ठेवली, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, ओल्या कुंकवातल्या अक्षता टाकल्या. वॉल्टर टोपी काढून उभा होता. बऱ्याच वर्षांनी मला दसरा झाल्यासारखा वाटला.

नोव्हेंबरमध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता वॉल्टर दारात आला. म्हणाला, “सुभेदार, उद्या माझी परीक्षा आहे.”

या सीझनमध्ये त्याने दोन हरणं चुकवली होती; दोन्ही वेळा पहिली गोळी फांदीत अडली आणि पुढच्या वर गेल्या. दुसरं जखमी होऊन झाडीत गेलं आणि सापडलं नाही. त्याच्या मुलाने, डेलने, अट घातली. शंभर यार्डांवर कागदी प्लेट, तीन गोळ्या. तिन्ही प्लेटमध्ये बसल्या तर वॉल्टरने गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या शिकारीला यायचं. नाही बसल्या तर रायफल डेलच्या घरी जाईल आणि वॉल्टर घरी राहून बटाटे सोलेल. डेलला मी दोष देत नाही. जनावराला तडफडत सोडणं वाईटच. पण ‘बाबांचे हात थरथरतात’ हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं. रायफल कुणीही उघडून पाहिली नव्हती.

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. त्याला कारण आहे.

मी हवालदार असतानाची गोष्ट. आमची पलटण बर्फातल्या चौक्यांवर चढणार होती. जाण्याआधी प्रत्येक जवानाने रेंजवर फायर करून दाखवायचं. शिपाई भिकू धनावडे, वय बावीस, पाटणकडच्या डोंगरातला. त्याच्या गोळ्या टार्गेटभर पांगल्या. पोरं हसली, “नाचता येईना अंगण वाकडं!” भिकू माझ्याकडे आला.

“उस्ताद, हात माझा नाही हलत. रायफल बघा.”

वेळ चार वाजून चाळीस मिनिटं. पाच वाजता गाड्या सुटणार. चाळीस रायफली अजून बाकी. मी नळीतून उजेडाकडे पाहिलं, बोल्ट मागेपुढे केला.

कंपनी कमांडरनी विचारलं, “आर्मरर, हत्यार?”

“ठीक आहे, साहेब.”

सही केली. भिकूचं नाव गस्तीच्या तुकडीतून कापलं. रायफल कोतात, म्हणजे आमच्या हत्यारखान्यात, जमा झाली. त्याला ओझं वाहणाऱ्यांना देतात ती हलकी बंदूक देऊन लोड पार्टीत घातलं. चौकीवर रॉकेल आणि राशन वाहायचं काम. मान खाली घालून गाडीत चढला. माझ्याकडे बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता हात मोकळे झाले म्हणून मी ती रायफल उघडली. फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकावरची माशी, तिच्या पायाला केसाएवढी चीर. बोटाने दाबलं की माशी हलत होती. चिरेत गंज होता, म्हणजे चीर जुनी. मी पळत सिग्नल सेंटरला गेलो आणि चौकीला कॉल लावला.

“शिपाई धनावडेला सांगा, चूक त्याची नव्हती. हत्यार खराब होतं. ओव्हर.”

“धनावडे लोड आणायला खाली गेलाय. परत आला की सांगतो. ओव्हर.”

“नक्की सांगा. आउट.”

चार वाजून दहा मिनिटांनी बर्फाचा कडा सुटला. लोड पार्टीतले तिघे बर्फाखाली गेले. दोघांना जिवंत काढलं. भिकू दुसऱ्या दिवशी सापडला.

चौकशीत नैसर्गिक आपत्ती असं आलं, आणि ते खरंच होतं. माझ्या सहीबद्दल कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही. सुट्टीत त्याच्या घरी गेलो, तेव्हा गावात बोलणं चाललं होतं की पोराचा नेम कच्चा, म्हणून ओझी वाहायला लावला. त्याची धाकटी बहीण चहा घेऊन आली. तिने ते ऐकलं. मी चहा प्यायलो आणि परत आलो. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

शनिवारी सकाळी साडेआठला आम्ही रेंजवर होतो. वॉल्टरने सँडबॅगवर रायफल टेकवली. पहिली गोळी प्लेटच्या मध्यावर. दुसरी तीन इंच वर. तिसरी प्लेटच्या बाहेर, वरच.

डेल म्हणाला, “बास, डॅड.” रेंजचा ऑफिसर, सज्जन माणूस, वॉल्टरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, वय कुणाला चुकलंय?

“थांबा,” मी म्हणालो. “हात हलला तर गोळ्या चहूकडे जातात. या एका रेषेत वर चढतायत. नळी तापते तशा चढतात. रायफल बघितल्याशिवाय माणसाला नावं ठेवायची नाहीत.”

डेल हसला. मग मी नळी थंड होऊ दिली आणि स्वतः बसलो. मध्यावर, वर, बाहेर.

“तुम्ही दोघंही म्हातारे,” डेल म्हणाला.

“मग तू बस.”

नळी पुन्हा थंड झाल्यावर तो बसला. पस्तीस वर्षांचे हात, खांबासारखे घट्ट. मध्यावर, वर, बाहेर. त्याचं हसणं थांबलं.

म्हणाला, “मग स्कोप खराब असेल. नवा घेऊ.” एक गोष्ट तपासल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, हा आर्मररचा धर्म. स्कोपचे, म्हणजे नळीवरच्या दुर्बिणीचे, स्क्रू पाहिले, घट्ट होते. दस्त्याचे दोन्ही स्क्रू पाहिले, घट्ट होते. मग टार्गेटच्या कागदाची पट्टी कापली आणि नळी आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत टोकाकडून सरकवली. या रायफलीत नळी लाकडाला कुठेच टेकता कामा नये. पट्टी चार बोटं आत गेली आणि अडली.

रेंज ऑफिसरला विचारून रायफल मागच्या टेबलावर नेली. स्क्रू काढून नळी लाकडातून वर उचलली. लाकडाच्या खोबणीत एक तांदळाचा दाणा चिकटलेला होता. लाल, वाळून खडा झालेला.

अक्षत होती. मीच वाहिलेली.

डेल आणि वॉल्टर समोर उभे. दाणा माझ्या अंगठ्याखाली. नखाने उडवला असता तर कुणाला कळलं नसतं. ‘कचरा होता’ म्हटलं असतं, वॉल्टरची शिकार वाचली असती आणि माझी सुभेदारीही. चाळीस रायफली बाकी नव्हत्या, गाडी सुटत नव्हती. एवढ्या वर्षांनी एकच सही पुन्हा करायची होती.

मी अंगठा बाजूला केला.

“हा दाणा माझ्या पूजेतला आहे. मी टाकला. वॉल्टर, तू हरणं चुकवलीस ती माझ्यामुळे. अठ्ठावीस वर्षांचा आर्मरर, आणि पूजेनंतर रायफल उघडून पुसली नाही.”

मग वॉल्टरने दाणा उचलून तळहातावर घेतला.

“आशीर्वाद जरा जास्तच झाला,” तो म्हणाला.

खोबणी साफ केली. स्क्रू बसवले. पट्टी टोकापासून मागेपर्यंत सरळ गेली. वीस मिनिटं नळी थंड होऊ दिली. अकरा वाजून पाच मिनिटांनी वॉल्टर पुन्हा बसला. त्याचे हात थोडे थरथरत होते, खोटं कशाला सांगू? सँडबॅगवर टेकल्यावर थांबले. तीन गोळ्या. तिन्ही प्लेटमध्ये, तळहाताएवढ्या जागेत.

डेल प्लेट घेऊन आला. तिन्ही भोकं बोटाने मोजली.

“गुरुवारी पहाटे पाच वाजता, डॅड. तयार राहा.”

“मी चार वाजताच तयार असेन,” वॉल्टर म्हणाला. मग मान वळवून मला म्हणाला, “सुभेदार, तू कुणासाठी भांडत होतास? एकट्या माझ्यासाठी नव्हतास.”

मी त्याला भिकूबद्दल सांगितलं. आजवर मृणालच्या आईलाही सांगितलं नव्हतं. त्याने नाव दोनदा म्हणून पाहिलं, बरोबर म्हणेपर्यंत. मग माझ्यापुढे एक कोरं टार्गेट आणि पेन ठेवलं. मी मागच्या बाजूला लिहिलं:

‘शिपाई भिकू धनावडे. फायरर ठीक. हत्यार सदोष, फोरसाइटला जुनी चीर. आर्मररने न तपासता सही केली. तो आर्मरर मी.’

खाली नंबर, रँक, नाव आणि सही. सोमवारी तो कागद त्याच्या बहिणीच्या नावाने पोस्टात टाकला. निखिल म्हणाला, “बाबा, इतक्या वर्षांनी कशाला? उगाच प्रॉब्लेम होईल.” मी म्हटलं, होऊ दे. ती शिव्या देईल, कागद फाडेल, किंवा गावाला वाचून दाखवेल. तिन्हींचा तिला हक्क आहे. मी सही मागे घेणार नाही.

पुढच्या दसऱ्याला वॉल्टरची रायफल पुन्हा पाटावर येईल. फूल वाहीन, अक्षता नाही. पूजा झाली की उघडून पुसेन, आणि पुसताना भिकूचं नाव घेईन. चौकीवरचा निरोप त्याला कधी मिळाला नाही, म्हणून दरवर्षी मोठ्याने सांगेन.

नव्हताच हलत, भिकू. हात तुझा नव्हताच हलत.