लॅमिनेशन केलेली कार्डं

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधली ती चोरी आजही डोक्यातून जात नाही. खून-दरोड्यांचे तपास केलेल्या माणसाने पोरांच्या कार्डांच्या चोरीवर लिहावं, याचं माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हसू येईल. येऊ दे.

मी तेव्हा दिल्ली पोलिसात निरीक्षक होतो. तक्रारदार केंद्र सरकारात अधिकारी, तिशीतला, मूळचा सांगलीकडचा. त्याचा पत्र्याचा एक डबा कपाटातून गेला होता. डब्यात बबलगमबरोबर मिळायची ती क्रिकेटपटूंची जुनी कार्डं होती. आई वारल्यावर गावचं घर आवरताना त्याने तो डबा दिल्लीला आणला होता. आमचा मुंशी, म्हणजे तक्रारी लिहून घेणारा हवालदार, तोंड लपवून हसला. मग तक्रारदाराने मोबाइल पुढे केला. एका कार्डावर छपाईच्या चुकीने फोटो उलटा आला होता, उजव्या हाताचा फलंदाज डावखुरा दिसत होता. त्यासाठी मुंबईचा एक संग्राहक सव्वा लाख द्यायला तयार होता आणि येत्या रविवारी माल न्यायला येणार होता. मुंशीने निमूटपणे कागद पुढे ओढला. किमतीचा रकाना भरला की चोरीला वजन येतं, ही ठाण्याची जुनी रीत आहे.

कुलूप तुटलेलं नव्हतं. घरात कोण कोण येऊन गेलं, असं विचारल्यावर त्याने सर्वात आधी भांडी घासणाऱ्या बाईचं नाव घेतलं, मग इलेक्ट्रिशियन, मग गॅसवाला. पहिलं नाव कामवालीचं येतं, हे मी सगळ्या नोकरीत पाहिलं. महिला शिपाई सोबत घेऊन मी त्या बाईचा जबाब तिच्या घरीच घेतला. शेजारच्या दोन घरांनी तिला तोवर कामावरून काढलंसुद्धा होतं. तिच्याकडे काही मिळालं नाही. चोरी करणारी बाई कपाटातलं चांदीचं निरांजन सोडून डबा उचलणार नाही, एवढं तरी आम्हाला कळायला हवं होतं.

जुनी नाणी, तिकिटं विकणाऱ्यांना आम्ही कार्डांचे फोटो दाखवून ठेवले होते. त्यांच्यातल्या एकाने खबर दिली. म्हणाला, एक माणूस अशीच कार्डं घेऊन आला होता, पण त्याने भाव विचारलाच नाही. कडा सुटायला लागल्यात, कार्डं टिकवायची कशी, एवढंच विचारलं. दुकानदाराने प्लॅस्टिकची पाकिटं दाखवली, तर तो लॅमिनेशनचं विचारू लागला.

"मैंने कहा भाईसाहब, गरम मशीन में डालोगे तो दो कौड़ी की नहीं रहेंगी," दुकानदार सांगत होता. "बोला, कोई बात नहीं।"

अंगात दिल्लीजवळच्या मानेसरमधल्या कुठल्याशा कारखान्याचा शर्ट होता, एवढं त्याला आठवत होतं.

विकायचा माल कोणी आपल्या हाताने मातीमोल करत नाही. ही चोरी पैशासाठी नव्हती. मी तक्रारदाराला बोलावून विचारलं, मानेसरला तुमचं कोणी आहे का?

"दादा आहे," तो म्हणाला. "पण तो घरचाच, सर."

दादा आदल्या रविवारी जेवायला आला होता आणि कार्डं विकायची गोष्ट त्याच्यासमोरच निघाली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांत आपण घरच्यांना धरत नाही.

थोरला भाऊ ठाण्यात आला तो डबा घेऊनच. बारा वर्षं मोठा, कारखान्यात सुपरवायझर, बोलायला सावकाश. मराठीत विचारल्यावर त्याचे खांदे सैल झाले. मी चहा मागवला आणि गप्प बसलो. चौकशीत गप्प बसता येणं हे दमदाटीपेक्षा अवघड आणि उपयोगी असतं.

"साहेब, ही कार्डं आमच्या बहिणीची," तो म्हणाला. "दहा वर्षांची होती. तापाने गेली. तिचा एक फोटो नाही घरात. आईने कपडे, दप्तर सगळं वाटून टाकलं. हा डबा मी माळ्यावर लपवला, म्हणून राहिला."

भावाला का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"तो दीड वर्षाचा होता. बहीण होती एवढंच त्याला ठाऊक आहे. आमच्याकडे तिचं नाव निघालं की आई उठून आत जायची. मग नावच निघेनासं झालं. आता कुठून सुरुवात करायची?"

मुद्देमाल ओळखायला धाकटा आला. प्रत्येक कार्ड जाड, चकचकीत प्लॅस्टिकमध्ये बंद होतं, सव्वा लाखाचंही. त्याचा चेहरा उतरला. "दादा, वाट लावलीस," एवढंच तो म्हणाला. मग मीच थोरल्याला म्हटलं, मला सांगितलंत ते यांना सांगा. त्याने सांगितलं. धाकट्याने हातातलं कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"ही सगळी तिने विकत घेतली?" त्याने विचारलं.

"घ्यायला पैसे कुठले? जिंकली. गल्लीतल्या पोरांकडून."

"कशी?"

थोरला खुर्चीवरून उठून फरशीवर उकिडवा बसला. एक कार्ड पालथं ठेवून त्याने शेजारी तळहात आपटला. हवेने कार्ड उलटलं की ते आपलं, असा तो खेळ. प्लॅस्टिकमुळे जड झालेलं कार्ड जागचं हललं नाही. त्याने पुन्हा आपटला. मग धाकटा त्याच्या शेजारी बसला आणि त्यानेही हात आपटला. मुंशी दारात उभा होता. मी त्याला खुणेने थांबवलं.

पुढे धाकट्याच्या संमतीने न्यायालयात तडजोड झाली. शेजारच्या त्या दोन्ही घरी तो स्वतः गेला आणि बाईचं काम तिला परत मिळालं.

माणूस चोरी का करतो याची उत्तरं मी नोकरीभर गोळा केली: गरज, हाव, व्यसन, सूड. हे उत्तर त्यात नव्हतं. त्या माणसाने मागितलं असतं तर भावाने डबा हसत दिला असता, याची मला खात्री आहे. पण मागायचं तर बहिणीचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते त्याला चोरीपेक्षा अवघड वाटलं. मृत्यूनंतर गप्प झालेली घरं मी पुष्कळ पाहिली होती. ती सावरली आहेत असंच मी तोवर समजत होतो.