दोन टाके जास्तीचे

“हा हात काय काम करतो?” परंड्याच्या सरकारी दवाखान्यातले आमचे डॉक्टरसाब टाका घालण्याआधी हे विचारायचेच. उत्तर मिळेपर्यंत सुई उचलत नसत. मागं रांग ओरडायची, “लवकर उरका की!” यांचं आपलं धागा बोटावर ओढून बघणं चालू. असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल.

माझी कातर निसटून डाव्या तळव्यात शिरली, अंगठा वाकेना. “कपडे शिवतो, साहेब,” मी म्हणालो. निजामी जाऊन थोडी वर्षं झाली होती. चौथीत शाळा सोडून मी पार चिपळूणकडून इथल्या एका शिंप्याकडं कामाला आलेलो. अंगठा गेला तर इथं मला कोण ठेवून घेणार, एवढंच डोक्यात.

“मग मास्तर, तुम्हीच सांगा, कोणता धागा?”

मला मास्तर! तबकात रेशीम होतं, सूत होतं आणि आतड्यापासून केलेलं कॅटगट. ते आपोआप विरघळतं असं ऐकलं होतं. मी तेच दाखवलं. टाके काढायला यायला नको, कामाचा खाडा नको.

“खाडा वाचवून अंगठा घालवता? अंगठा वाकवणारी आतली दोरी तुटलीय, मियाँ. ती जुळायच्या आधीच हे विरघळलं तर? आत रेशीमच.”

वर कातडीलाही रेशीमच घातलं, पण टाके विरळ. हाताला फळी बांधली.

मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून पाहिलं, तर टाक्यांमधून फटी दिसत होत्या. असली शिवण आमच्याकडं गिऱ्हाईक तोंडावर फेकतं. दुकानातलं रीळ घेतलं, दात आवळले आणि उजव्या हातानं मधे दोन टाके घातले.

तिसऱ्या दिवशी हात पावासारखा फुगला.

“हे दोन कुणाचे?” दवाखान्यात पट्टी सोडताच डॉक्टरसाबांनी विचारलं.

“माझे.”

ते बघतच राहिले. “टाका सुरेख आहे, मास्तर. पण फटी मी मुद्दाम ठेवल्या होत्या, आतलं पाणी निघायला. तुम्ही दारच लावून घेतलंत!” माझे टाके कापताना मात्र ते हसले नाहीत.

मग रोज पेनिसिलिन. एका सकाळी मी पोचलो नाही, तर स्वतः दुकानात आले. मालक म्हणाला, “लई नाटकं करतंय पोरगं.”

“ह्याला काढलंत, तर तुमचे टाके मी सुतळीनं घालीन,” डॉक्टरसाब म्हणाले.

फळी सुटली त्या दिवशी त्यांनी माझ्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या चिमटीत कागद धरवला आणि ओढला. अलगद निसटला. “रोज वाकवा,” एवढंच म्हणाले. मी रोज वाकवत राहिलो. काज करतानाही लक्ष अंगठ्यावरच.

महिन्याभरानं कागद फाटला, पण सुटला नाही. तो मी घरीच, एकट्यानं ओढला होता. तसाच धावत दवाखान्यात गेलो. त्यांची बदली झाली होती. खुर्चीत नवे डॉक्टर.

“काय दुखतंय?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” म्हणालो, आणि अंगठा वाकवून तिथंच उभा राहिलो.