खाजा मियांचं विदाईचं गाणं

हिंगोलीत एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत खाजा मियांचं दुकान आहे. पाटीवर अजून ‘व्हिडिओ शूटिंग’ असं लिहिलेलं असलं, तरी ते काम येईनासं होऊन आठ-नऊ वर्षं झाली. लोक येतात ते जुन्या कॅसेटी घेऊन. खाजा मिया कॅसेट उघडतात, फितीवर पांढरी बुरशी दिसली तर कापसाने हलक्या हाताने पुसतात, आणि उरलेल्या तीन व्हीसीआरपैकी त्या दिवशी जो चालेल त्यात ती घालतात. तिथून वायरीने ते लग्न कॉम्प्युटरमध्ये जातं. या कामात घाई चालत नाही. तीन तासांच्या लग्नाला तीनच तास लागतात, आणि फीत अडकू नये म्हणून ते सगळं बसून पाहावं लागतं.

त्यांची त्याला ना नसते. बहुतेक लग्नं त्यांनीच काढलेली आहेत. कॅसेटीच्या काळात, १९९० ते २००४, औंढ्यापासून कनेरगाव नाक्यापर्यंत, खांद्यावर कॅमेरा आणि मागे हॅलोजनचा दिवा धरणारा व्यंकटराव. शूटिंग संपलं की मिक्सिंग. नवरा-नवरी बदामाच्या आकारात यायची, मग तो बदाम गरगर फिरून त्याचं फूल व्हायचं. मूळ आवाज काढून टाकायचा आणि त्या जागी सिनेमातली गाणी भरायची. मंडपातला गलका आणि आचाऱ्याच्या शिव्या ऐकायच्या कोणाला? हळदीला एक गाणं, वरातीला तीन, विदाईला एक. विदाईचं गाणं चौदा वर्षांत बदललं नाही. ती ऑडिओ कॅसेट घासून गेली तेव्हा खाजा मियांनी बाजारातून तीच पुन्हा आणली.

गेल्या मार्चमध्ये कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरून पारूबाई आल्या. वय पन्नाशीचं. बरोबर मुलगी ऐश्वर्या होती. नर्सिंग झालेलं, लग्न मे महिन्यात ठरलेलं. पारूबाईंनी ब्लाउजपीसात गुंडाळलेली कॅसेट काउंटरवर ठेवली.

“वळखलं का, खाजाभाई? तुमीच काढली होती.”

खाजा मियांनी कॅसेटच्या पाठीवरचं आपलंच अक्षर वाचलं. ‘पारू – प्रेमदास. २८-४-१९९३. मिक्सिंग : खाजा.’

“तुमच्या रिवाजापरमानं निघताना बैलावर उभी राहिलेली नवरी ना तुमी? बैल बुजला, अन् आमचा व्यंकटराव दिवा टाकून पळाला.”

“बैल त्या दिव्यालाच बुजला होता. मी पडले न्हाई, तुमचा मानूस मात्र पार नाल्यापल्याड.”

ऐश्वर्या हसली. पारूबाईंनी मग कामाचं सांगितलं. बंजाऱ्यांत नवरी निघताना एकेकीच्या गळ्यात पडून ढावलो गाते. रडणं तेच आणि गाणंही तेच. काय सोडून चालले, कोणी माझ्यासाठी काय केलं, हे सगळं त्यात येतं, आणि आई त्याला तसंच गाऊन उत्तर देते. पारूबाईंच्या आईचा, जिवनबाईंचा ढावलो आसपासच्या चार तांड्यांत नावाजलेला होता. शब्द त्यांचे स्वतःचे असत. त्यांना जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. आता मे महिन्यात ऐश्वर्या गळ्यात पडेल तेव्हा उत्तर देण्याची पाळी पारूबाईंची होती.

“मला दोन-चार ओळीच याद हायेत. त्या रोजी मी रडून राहिले होते, ऐकलं कुठं? लेकीला द्यायचं ते माझ्या याडीचंच, आईचंच द्यायचं. कॅसेटीत समदं असंल.”

“बराबर असंल,” खाजा मिया म्हणाले. “बुधवारी या.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅसेट लावली. फीत स्वच्छ होती, चित्र चांगलं होतं. दुसरा तास संपत आला तशी विदाई सुरू झाली. आरशांची चोळी घातलेली एक उंच बाई पुढे आली, तिने नवरीला मिठीत घेतलं आणि तोंड उघडलं. सिनेमातली गाणारीण गाऊ लागली.

खाजा मियांनी फीत मागे नेली, पुन्हा लावली. मग माळ्यावरून मूळ शूटिंगच्या कॅसेटींचं खोकं काढलं. कोऱ्या कॅसेटी तेव्हा सहज मिळत नसत, म्हणून एकाच कॅसेटवर लग्नामागून लग्न घेतलं जाई. खोक्यात अकरा निघाल्या. दोन दिवस त्यांनी त्या अकराही पाहिल्या. प्रत्येकीवर शेवटचं लग्न तेवढं होतं. पारूबाईंचं त्यांच्याखाली कुठेतरी पुसलं गेलं होतं.

दुकानातला कॉम्प्युटर त्यांची मुलगी गुलनाज सांभाळते. ती म्हणाली, “अब्बा, बुरशी लगी थी बोलो ना. किसको मालूम पडनेवाला है?”

“किसीको नहीं,” खाजा मिया म्हणाले.

त्यांनी तिच्याकडून आजवर उतरवलेल्या, आपणच काढलेल्या लग्नांची यादी उघडून घेतली आणि एकेकाची विदाई लावून पाहिली. दोनशे बारा लग्नं होती. दोनशे बारा नवऱ्या एकाच बाईच्या आवाजात रडत होत्या. त्यांतली एक त्यांची सख्खी बहीण अफशीन होती. तिचा त्या दिवशीचा आवाज कसा होता, हे त्यांना आठवेना.

बुधवारी मायलेकी आल्या. खाजा मियांनी त्यांना खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि चहा येण्याआधीच सांगून टाकलं.

“आवाज न्हाई, पारूबाई. कॅसेट खराब झाली न्हाई. मीच काढला होता.”

“काहून?”

“मागून बघताना रडणं चांगलं वाटत न्हाई, असं मला वाटायचं.”

“आमाला इचारलं होतं का?”

“न्हाई. कोनालाच इचारलं न्हाई.”

पारूबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. “तुमच्याकडं मयत झाली तरी गाणंच लावत असाल मग.”

चहा आला, तो तसाच राहिला. पारूबाई उठल्या, पण ऐश्वर्याने त्यांचा हात धरला.

“याडी, आलोच हाओत तर चित्र तरी बघ. आजीला म्यां कधी पाह्यलंच न्हाई.”

गुलनाजने आवाज बंद करून चित्र लावलं.

“बाप रे, किती बारीक होतीस गं!”

“तवा भाकरी कमी अन् काम जास्त होतं,” पारूबाई म्हणाल्या. मग पडद्यावर जिवनबाई पुढे आल्या आणि पारूबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

जिवनबाईंचा उजवा हात नवरीच्या पाठीवर पडत होता. दोनदा थोपटून थांबायचा, पुन्हा दोनदा. पारूबाई ओठांकडे पाहतच नव्हत्या, त्या हाताकडे पाहत होत्या.

“परत लावा.”

गुलनाजने पुन्हा लावलं. पारूबाईंचा हात त्यांच्याच गुडघ्यावर तसाच पडू लागला. तिसऱ्या वेळी त्या गुणगुणल्या. चौथ्या वेळी पहिली ओळ आली, पाठोपाठ तिसरी, आणि मग मधली. गुलनाजने न विचारता माइक काढून समोर ठेवला. खाजा मियांनी दुकानाचा पंखा बंद केला आणि गल्लीत फटफटीवर बसून गप्पा मारणाऱ्यांना पुढे पिटाळलं.

दुपारी दोनपर्यंत ते चाललं. शेवटच्या वेळी पारूबाई सलग गायल्या. समोर जिवनबाईंचे ओठ हलत होते आणि शब्द पारूबाईंच्या तोंडून येत होते. कुठे मागे, कुठे पुढे. ऐश्वर्याने फोनवर घ्यायला सुरुवात केली होती. अर्ध्यात तिने फोन मांडीवर ठेवला.

एका जागी मात्र पारूबाई थांबल्या. पडद्यावर जिवनबाई बोलतच होत्या. तीन-चार श्वासांइतकं काहीतरी.

“हितं काय म्हनली ते येत न्हाई. लई येळ बघितलं.”

खाजा मिया म्हणाले, “तेवढ्या जागी बारीक बासरी भरू का? कळणार बी न्हाई...” एवढं म्हणून ते स्वतःच थांबले.

“खाजाभाई,” पारूबाई म्हणाल्या, “आता काय बी भरू नका.”

ती जागा तशीच राहिली. गुलनाजने सगळं एका पेनड्राइव्हमध्ये घालून दिलं. खाजा मियांनी सवयीने चिठ्ठी लिहायला घेतली. वधू-वरांची नावं लिहिली, तारीख लिहिली. ‘मिक्सिंग’ असं लिहून ते खोडलं आणि खाली ‘आवाज : पारूबाई’ असं लिहिलं. पारूबाईंनी चिठ्ठी मुलीकडून वाचून घेतली, पेनड्राइव्ह त्याच ब्लाउजपीसात बांधला आणि अडीचच्या वाशीम गाडीसाठी दोघी निघाल्या.

त्या दिवसापासून कॅसेट घेऊन आलेल्याला खाजा मिया चहा सांगण्याआधीच विचारतात, “विदाईचा आवाज पाहिजे का? पाहिजे असंल तर माझ्याकडं न्हाई. त्या वक्ताचं कोनी हयात असंल तर संगं घेऊन या.”