अलोइसी गुरुजींचा लसूण

अलोइसी ट्लुवाय गुरुजी एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी कोंबड्यांना शिकवायला घेतलं. माझी हरकत नव्हती. कोंबड्यांना छडी तरी खावी लागत नव्हती. मी चार वर्षं त्यांच्या वर्गात काढली आहेत आणि बावीस वर्षं त्यांच्या शेजारात, त्यामुळे कोणता काळ जास्त जड गेला हे मला विचारू नका.

म्बुलूच्या आमच्या डोंगरउतारावर लसूण सगळेच लावतात. पण त्या वर्षी गुरुजींकडे तो इतका आला की पलंगाखालीसुद्धा पोती गेली. त्यातच एका दुपारी रेडिओवर कुणीतरी सांगत होतं की, लसूण कोंबड्यांना चांगला असतो. पुढचं काही कळायच्या आत रेडिओचे सेल संपले. पण निवृत्त गणित-शिक्षकाला अर्धा कार्यक्रम पुरतो. उरलेला त्यांनी स्वतःच्या मनाने पूर्ण केला.

दुसऱ्या दिवसापासून तेवीस कोंबड्यांच्या पाण्यात ठेचलेला लसूण, मक्याच्या कोंड्यात लसूण आणि खुराड्याच्या दाराला लसणाची माळ. कोंबड्या आपल्या पाण्याचा वास घेऊन सरळ माझ्या अंगणात यायच्या आणि माझ्या बादलीतलं प्यायच्या. गुरुजी मला म्हणायचे, "बघ, कशा तरतरीत झाल्यात. सारख्या फिरत असतात."

आग्रिपिना आमच्या गावात कोंबड्यांना लस द्यायची. दर चार महिन्यांनी बाटली घेऊन दारोदार फिरायची आणि प्रत्येक कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब टाकायची. किदेरी आली की कोंबड्यांच्या माना पिळवटतात आणि आठवड्यात अंगण रिकामं होतं. त्या रोगावर औषध नाही, आधी टाकलेला हा थेंबच काय तो कामाचा. ती गुरुजींच्या दारात आली तेव्हा मी कुंपणाशीच होते.

"लसूण असताना लस कशाला?" गुरुजी म्हणाले.

"लसूणही द्या की, गुरुजी. वर एक थेंब. दोघं काही भांडत नाहीत."

"आग्रिपिना, तू सातच्या पाढ्यात कुठे अडकायचीस ते मला आठवतं."

"सात आठे छप्पन्न. पण किदेरी पाढे विचारत नाही, गुरुजी."

गुरुजींनी तिला फाटकापर्यंत अदबीने पोचवलं. पुढच्या रविवारी ते चर्चमध्ये गायकांपुढे हात हलवत उभे होते, तेव्हा गुडघेदुखीने घरी राहिलेल्या त्यांच्या पत्नी तिओदोरा काकूंनी आग्रिपिनाला मागच्या वाटेने बोलावलं. मी कोंबड्या धरल्या. काकू एकेक कोंबडी खुराड्यातून काढायला तेवीस वेळा वाकल्या आणि गुडघ्याने एकदाही तक्रार केली नाही.

सप्टेंबरात किदेरी आली. खालच्या वस्तीत अंगणंच्या अंगणं ओस पडली. गुरुजींच्या तेवीस कोंबड्या मात्र ठणठणीत. मग काय, गुरुजींना पुन्हा शाळा मिळाली. झाडाखाली बाकं मांडली गेली, लोक ऐकायला आले. एका कोंबडीला दिवसाला किती पाकळ्या, याचं त्यांनी फळ्यावर कोष्टक काढलं. काकू आतून मला डोळा मारायच्या. आम्ही दोघी गंमत बघत राहिलो. त्या दिवसांत आमच्यापैकी एकीनेही तोंड उघडलं असतं, तर पुढचं टळलं असतं.

फाबिओला उताराखाली एकटी राहायची. नवरा गेल्यापासून तिच्याकडे नऊ कोंबड्या आणि थोडा मका, एवढंच होतं. आग्रिपिना दारात आली तेव्हा तिने, गुरुजींनी लसूण सांगितलाय म्हणून, तिला परत पाठवलं. नऊपैकी सात मेल्या.

ती आली ती भांडायला नव्हे. टोपलीत मेलेली कोंबडी होती. ओसरीवर टेकून तिने विचारलं, "गुरुजी, माझ्याकडून पाकळ्या कमी पडल्या का?"

"किती घातल्यास?"

"चार. तुम्ही सांगितल्या तेवढ्याच."

गुरुजींनी क्षणभर विचार केला. "पाच हव्या होत्या."

काकू चुलीवर मक्याच्या पिठाची उगाली घोटत होत्या. त्यांनी काठी भांड्यातच सोडली आणि बाहेर आल्या. "पाच नाही आणि पन्नासही नाही. डोळ्यात एक थेंब हवा होता. आपल्या कोंबड्यांच्या डोळ्यांत तो मी टाकवून घेतला. तुमच्या मागे."

"कधी?"

"ज्या रविवारी तुमचे गायक मध्येच अडकले, त्या."

गुरुजी माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"मी धरल्या होत्या, गुरुजी."

फाबिओलाने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मला वाटतं, गुरुजींकडे तिने सगळ्यांत कमी रागाने पाहिलं. मग टोपली उचलून ती उतार उतरून गेली. उगाली करपली आणि कुणी उठलं नाही.

गुरुजी काकूंशी नऊ दिवस बोलले नाहीत. दहाव्या दिवशी त्यांनी मीठ मागितलं. पण त्याआधी, दुसऱ्याच सकाळी, चर्चचा कोट चढवून आणि सहा कोंबड्या पायांनी लटकवून ते भर गावातून फाबिओलाकडे गेले. मी आणखी एक घेऊन मागोमाग चालले. तिने सातही ठेवून घेतल्या. चहा विचारला नाही.

मग ज्यांना ज्यांना त्यांनी कोष्टक दिलं होतं, त्या अकरा घरी ते गेले आणि आपण चुकीचं शिकवलं असं म्हणाले. एकतीस वर्षांत फळ्यावरचं चुकलेलं गणितसुद्धा खडूच्या माथी मारणारा हा माणूस. अर्थात, चूक कबूल करायला प्रत्येक घरी त्यांनी दोन तास घेतले आणि शेवटी प्रश्नही विचारले.

पुढच्या फेरीला आग्रिपिना आली तेव्हा गुरुजी तिच्याबरोबर निघाले. घरोघर ते कोंबडी धरायचे आणि ती कशी धरावी यावर बोलायचे. आग्रिपिना बिचारी ऐकून घ्यायची. फाबिओलाच्या अंगणात शिरताच त्यांनी घसा खाकरला.

"तुम्ही धरा, गुरुजी," फाबिओला पहिली कोंबडी त्यांच्या हातात देत म्हणाली. "बोलू नका."

नऊच्या नऊ कोंबड्या होईपर्यंत गुरुजींनी शब्द काढला नाही.