टिकली लावलेला टॅब

द्वारकाबाई, जयभीम.

तुमच्या टॅबचा रिकामा खोका अजून माझ्या कपाटावर आहे. आत पावती आहे आणि कुणीच न वाचलेलं माहितीपत्रक. कपाट पुसताना तो खाली घ्यावा लागतो आणि दर वेळी मला तुमचा राग येतो. तुमच्याविषयी लिहायला बसले आहे. विचारून लिहिणार होते, पण विचारलं की तुमचं ‘कामून? कुणी सांगितलं?’ सुरू होणार, आणि तेवढं ऐकून घ्यायचं माझं वय राहिलेलं नाही. काही चुकलं तर येऊन सांगा. येताना खोकाही घेऊन जा.

ज्यांना या बाई ठाऊक नाहीत त्यांनी एवढं लक्षात घ्यावं: भावसिंगपुऱ्याकडच्या आमच्या वसाहतीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो, आणि तो द्वारकाबाई वाचतात. आषाढी पौर्णिमेला सुरुवात, आश्विन पौर्णिमेला समाप्ती आणि खीर. पिशोरहून लग्न होऊन आल्या तेव्हा सातवी पास असलेली सून वस्तीत दुसरी नव्हती, म्हणून त्यांना ग्रंथाच्या पाटासमोर बसवलं, ते आजपर्यंत. अंगणवाडीतली मदतनिसाची नोकरी संपली, नवरा गेला, मुलगा राजकुमार वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर झाला. पांढरं लुगडं नेसून त्या पाटासमोर बसणं तेवढं राहिलं. ती जागा गेली असती तर द्वारकाबाईंकडे स्वतःचं असं काही उरलं नसतं. हे त्यांना माहीत होतं, म्हणून जागेजवळून कुणी नुसतं गेलं तरी त्या मान वळवून बघत.

सगळ्यात जवळून जाणारी होती त्यांची सून रूपा. एम.ए. झालेली, आवाज स्वच्छ, महिला मंडळाची सचिव. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी द्वारकाबाईंचा मोतीबिंदू काढला, पण डोळ्याच्या आतल्या पडद्यालाही त्रास आहे म्हणाले, बारीक अक्षर आता जमायचं नाही. घरी आल्यावर रूपा म्हणाली, “आत्या, टॅब घेऊ. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं.”

द्वारकाबाईंना यातलं एकही वाक्य ऐकू आलं नाही. त्यांना ऐकू आलं ते असं की सुनेला त्यांच्या डोळ्यांची फार काळजी वाटायला लागली आहे. काळजी एकाएकी कशी वाटते?

तरीही आषाढी पौर्णिमेच्या तोंडावर रूपा-राजकुमारसोबत त्या कॅनॉटच्या बाजारातल्या दुकानात गेल्या. नाही म्हणावं तर डोळे गेले हे कबूल केल्यासारखं झालं असतं. दुकानदाराने दोन वस्तू काचेवर ठेवल्या. एक टॅब, झगझगीत, रंगीत. दुसरं नुसतं वाचायचं यंत्र, ई-रीडर, करडं, पाटीएवढं साधं.

“अम्मा, ये करडावाला आंखों को तकलीफ नै देता,” तो म्हणाला. “कागद के जैसा है. पर इसमें व्हिडिओ कॉल नै होता.”

“ह्यात ग्रंथ कोण भरतं?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“आप के बेटे भर देंगे, नेट से.”

“अन् नेटमधी कोण भरतं?”

दुकानदार राजकुमारकडे बघून हसला. द्वारकाबाई हसल्या नाहीत. “पुस्तकातली ओळ कुणी खोडली तर शाई दिसती. ह्यातली खोडली तर मला काय दिसंल? माझ्या आज्याला दुसऱ्यानं वाचून दाखवायचं अन् ह्यानं अंगठा मारायचा. वाचणाऱ्यानं काय गाळलं ते त्याला मरेपर्यंत कळलं नाय.”

दुकानदाराने काच पुसायला घेतली. मला विचाराल तर या प्रश्नाचं उत्तर फारसं कुठेच नाही.

रूपाने दोन्ही यंत्रांवर मराठी पान उघडून बघितलं. करड्या यंत्रात पान जरा उशिरा उलटत होतं. टॅबवर पुण्याच्या नणंदेशी बोलता येईल, विजेचं बिल भरता येईल, बातम्या बघता येतील, असं तिने मोजून दाखवलं. “वाचणार तीनच महिने, आत्या. बाकीचे नऊ महिने हे घरात उपयोगी पडेल.”

“म्हंजे माझ्यासाठी नाय, घरासाठी घेताय,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“आई, तू काही घेऊच देऊ नको,” राजकुमार म्हणाला आणि टॅब घेतला. पंधरा दिवसांत बदलून मिळेल, खोका जपून ठेवा, असं दुकानदाराने बजावलं. तेवढं एकच वाक्य द्वारकाबाईंना विश्वासाचं वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी रूपाच्या टिकल्यांच्या पाकिटातली मोठ्यातली मोठी मरून रंगाची टिकली काढली आणि टॅबच्या कॅमेऱ्यावर चिकटवली. मागच्या कॅमेऱ्यावरही एक. लेकीचा व्हिडिओ कॉल आला की पुण्याला नुसता अंधार दिसायचा. “आई दिसत नाहीये,” ती ओरडायची. “आवाज येतो ना? मंग बोल,” द्वारकाबाई म्हणायच्या.

पौर्णिमेला वाचन सुरू झालं. पाटावर पांढरं कापड, मेणबत्त्या, बुद्धमूर्तीपुढे फुलं, आणि जिथे वर्षानुवर्षं ग्रंथ असायचा तिथे तो टॅब. अक्षर बोराएवढं केलेलं. समोर बायका आपापल्या छापील प्रती मांडीवर घेऊन बसलेल्या.

पहिल्याच संध्याकाळी द्वारकाबाई अडखळल्या. तोंडाला जो शब्द येत होता तो पडद्यावर नव्हता, शेजारचा कुठलातरी होता. दुसऱ्या दिवशीही तसंच. बायकांना वाटलं यंत्र नवीन आहे. द्वारकाबाईंना तसं काही वाटलं नाही. त्या पाळतीवर राहिल्या. घरात रूपाने टॅब चार्जिंगला लावला की त्या उठून बघून येत. रूपाने तो हातात घेतला की विचारत, “काय करायली?”

“धूळ पुसतेय, आत्या.”

“धूळ वरून पुसत्यात. बोट आत कशाला लावायली?”

मग तो प्रसंग आला. सिद्धार्थ घर सोडून जातो आणि त्याचा घोडा रिकामाच राजवाड्याकडे परततो. इथे द्वारकाबाईंचा आवाज दर वर्षी खाली उतरतो, आणि त्या म्हणतात, “रिकामा घोडा दारी आला, पण त्या दिवशी त्याला पाणी दाखवायचं कुणाला सुचलं नाही.” मागे बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. मीही एकदा लावला आहे.

त्या संध्याकाळी पडद्यावर ते वाक्य नव्हतं. घोडा होता, पाणी नव्हतं.

द्वारकाबाई थांबल्या. वरची ओळ बघितली, खालची बघितली. मग चष्मा काढून रूपाकडे वळल्या. “वाक्य कुणी काढलं?”

“कुठलं वाक्य?”

“घोड्याचं. पाण्याचं. पौर्णिमेपासून बगायले मी. हितला शब्द, तितला शब्द. आज अख्खं वाक्यच खाल्लं.” मग त्या पहिल्या ओळीकडे वळल्या. “सारजाबाई, तुमच्या पुस्तकात बगा. छापलेलं हाय, ते तर कुणी नाय ना काढलं.”

सारजाबाई त्यांच्याच वयाच्या, पहिल्या ओळीत बसणाऱ्या. त्यांनी पुस्तकात बघितलंच नाही. म्हणाल्या, “द्वारकाबाई, वाचा पुढं.”

“बगा म्हनते ना.”

“बगायचं काय त्यात? ते वाक्य पुस्तकात कधी नव्हतंच. तुमचंच हाय ते. समद्यांला ठाऊक हाय.”

“समद्यांला?”

“व्हय. आमी तर वाट बगतो त्याची.”

द्वारकाबाईंनी एकेक चेहरा बघितला. प्रत्येकीने मान खाली घातली. त्यांच्या लक्षात आलं की गेली कितीतरी वर्षं त्यांनी ग्रंथ वाचलेलाच नव्हता. डोळे कधीचेच साथ देईनासे झाले होते. त्या पाठ म्हणत होत्या, पानं अंदाजाने उलटत होत्या, आणि पिशोरच्या गोठ्यातलं काहीबाही त्यात मिसळत गेलं होतं. टॅबने अक्षर मोठं केलं तेव्हा पहिल्यांदा ते समोर आलं. गाळणाऱ्यावर पाळत ठेवून बसलेल्या बाईच्या हाती पदरचे शब्द घालणारी सापडली होती, आणि ती त्या स्वतः होत्या.

दुसरी कुणी असती तर हसली असती किंवा रडली असती. द्वारकाबाईंनी बायकांनाच धारेवर धरलं. “म्हंजे इतकी सालं तुमी मला गप ऐकून घेतलं. कामून?”

“आत्या, चांगलं वाटायचं म्हणून,” रूपा म्हणाली.

“तू तर बोलूच नको. तुला म्हाईत होतं अन् तू हे मशीन आणलं.”

रूपाने मांडीवरचं छापील पुस्तक मिटलं. मला आजही वाटतं की तिच्या मनात तसं काही नव्हतं. पण शपथेवर सांगा म्हणाल तर सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी द्वारकाबाई माझ्या दारात. काखेत तो खोका.

“मॅडम, तुमी तोंडाच्या फटकळ. तुमी मला गोड बोलून फसवणार नाय. माझ्यासंगं कॅनॉटला चला. हे बदलून ते करडं आणू. ह्याचा उजेड माझ्या तोंडावर पडतो. लोक ग्रंथ ऐकत नाय, माझं तोंड बगत्यात, चुकती का म्हनून. रूपाला सांगू नका.”

“टॅब कुठे आहे?” मी विचारलं.

“घरी. संध्याकाळचं वाचायचंय ना.”

“मग नुसता खोका बदलून देणार आहे का तो?”

त्या विचारात पडल्या. टॅब दुकानात द्यायचा, करड्यात ग्रंथ भरून घ्यायचा, अक्षर बसवायचं, यात एखादी संध्याकाळ हाती यंत्र नसताना गेली असती. त्या संध्याकाळी पाटासमोर कोण बसलं असतं ते त्यांना सांगायची गरज नव्हती. “परवा बगू,” त्या म्हणाल्या आणि खोका माझ्याकडे ठेवून गेल्या.

तो परवा कधी उजाडलाच नाही. रोज दुपारी त्या टॅब मांडीवर घेऊन संध्याकाळचा भाग बोटाने घोकत. संध्याकाळी अक्षर न् अक्षर पडद्यावरचं वाचत, सपाट, एकही शब्द पदरचा नाही. बायका हळूहळू कमी झाल्या. सारजाबाई गुडघ्याचं कारण सांगून फुलंब्रीला लेकीकडे राहायला गेल्या. द्वारकाबाईंनी ते माझ्यापाशी वेगळंच मांडलं. “रूपा फोडायली बायका.” रूपा मात्र रोज पहिल्या ओळीत, सारजाबाईंच्या जागी, छापील पुस्तक मिटून बसलेली असायची.

जागा राहिली. खीर झाली, शेवटचं ‘साधु साधु साधु’ झालं, तेव्हाही पाटासमोर द्वारकाबाईच होत्या. मी बाहेर येऊन म्हटलं, “आता तरी चला कॅनॉटला. तीन महिने झाले, तो नाही म्हणेल, पण विचारून बघू.”

“आता कामून बदलून देईल तो?” त्या म्हणाल्या. “अन् दिलं तर त्यात कायतरी खोट असंल.”

तर द्वारकाबाई, खोका इथेच आहे. आषाढी यायच्या आत एकदा ठरवा. टिकल्या काढून टॅब घेऊन या, रिक्षा मी सांगते. रिक्षात तेवढं घोड्याचं वाक्य मला म्हणून दाखवा, एवढंच माझं भाडं.